पदरी घेणे आणि पदर पसरणे : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील पापनिवेदन व प्रार्थना

१

आंबेजोगाईच्या दासोपंतांचे (१५५१–१६१५) चरित्र १९२८ साली इंग्रजीत आले, ते जस्टिन ई. ॲबट यांच्या भाषांतरातून. ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे. मिशनरी कुटुंबात जन्मलेले, दीर्घकाळ मुंबईत काम करून अमेरिकेस परतलेले. निवृत्तीनंतर त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींची जी भाषांतरमाला हाती घेतली, तीत एकनाथांची 'भिक्षुगीता' आहे, दासोपंतांचे चरित्र आहे आणि १९२९ साली आलेले बहिणाबाईंचे अभंगरूप आत्मनिवेदनही आहे. धर्मप्रसारासाठी आलेल्या एका संस्थेच्या माणसाने आयुष्याची अखेरची वर्षे ज्यांचा धर्म बदलावा म्हणून ती संस्था आली, त्यांच्याच संतांच्या सेवेत का घालवावीत, हा प्रश्न साहजिकच पडतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रॉटेस्टंट विचारात आलेली उदारमतवादी लाट हे त्याचे एक उत्तर आहे, आणि ते चुकीचे नाही. मात्र या तीन संहिता शेजारीशेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'भिक्षुगीता' ही अनुतापाची कथा आहे. दासोपंतांचे आख्यान संकटात केलेल्या धाव्याचे आहे. बहिणाबाईंची रचना म्हणजे आपल्या आयुष्याची देवासमोर दिलेली साक्ष आहे. अनुताप, धावा आणि साक्ष हे तिन्ही व्यापार प्रॉटेस्टंट भक्तिजीवनाचेही आधारस्तंभ होत. ॲबट यांच्या निवडीचा हेतू काहीही असो, तिच्यामुळे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न समोर येतो : ख्रिस्ती आत्मिक वाढीच्या केंद्रस्थानी असलेले पापनिवेदन मराठीत आले तेव्हा ते कोणत्या भाषेत बोलले, आणि त्या भाषेने त्याचे काय केले?

दासोपंतांची कथा बीड परिसरात सर्वश्रुत आहे. नारायणपेठेचे देशपांडे दिगंबरपंत यांच्याकडून वसूल वेळेवर न भरला गेल्यामुळे त्यांचा पुत्र बेदरच्या दरबारी ओलीस राहिला. मुदतीत रक्कम न आल्यास मुलाला धर्मांतर करावे लागेल, अशी अट घातली गेली. मुलाने दत्तात्रेयाचा धावा केला. दत्ताने पाडेवाराच्या, म्हणजे एका सामान्य गावकामगाराच्या रूपाने दरबारात येऊन रक्कम भरली. दामाजीपंतांच्या आख्यानात विठ्ठल महाराच्या रूपाने त्याच बेदरला जातो. दोन्ही कथांत ऋण आहे, ते वसूल करणारी सत्ता आहे आणि हलक्या मानलेल्या सेवकाच्या वेशात येऊन ते फेडणारा देव आहे. ख्रिस्ती तारणविचाराशी या रचनेचे साधर्म्य उघड आहे. तेथेही पाप हे ऋण, मानव ऋणको आणि ते फेडण्यास येणारा देव दासाचे रूप धारण करणारा. फरक एवढाच, पण तो मूलगामी आहे : दासोपंत निरपराध आहेत. त्यांच्या प्रार्थनेत संकट आहे, पापाची कबुली नाही. प्रार्थनेला पापनिवेदनाची पूर्वअट असते काय, हा वाद या दोन परंपरांच्या सीमेवरच उभा आहे.

२

या प्रश्नाची उकल शब्दांपासून करणे सोयीचे ठरेल. मराठी बायबलमध्ये पापनिवेदनासाठी दोन शब्दयोजना रूढ झाल्या. याकोबाच्या पत्रात पापे एकमेकांजवळ 'कबूल' करण्यास सांगितले आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात ती 'पदरी घेण्याची' गोष्ट आहे. दोन्ही प्रयोग आज इतके परिचित झाले आहेत की त्यांतील अंतर जाणवतही नाही. वस्तुतः ते दोन वेगळ्या जगांतून आले आहेत.

'कबूल' हा अरबी शब्द दख्खनमध्ये राज्यकारभाराच्या मार्गाने रुळला. कबुलायत, कबुलीजबाब ही त्याची भावंडे महसुलाच्या आणि न्यायाच्या दप्तरांतील. कबुली कोणाला तरी द्यावी लागते. ती मागणारा अधिकारी असतो, तिची नोंद होते आणि तिच्यावरून निवाडा होतो. मिशेल फूको यांनी १९७६ साली पाश्चात्त्य समाजाविषयी जे म्हटले, की कबुली हा सत्य निर्माण करण्याचा सत्तेचा एक विधी आहे, ते मराठी शब्दाच्या व्युत्पत्तीतच दडलेले आहे.

'पदर' हा शब्द मात्र अंगावरच्या वस्त्राचा आहे. पदरी घेणे म्हणजे एखादी गोष्ट आपली म्हणून स्वीकारणे, तिचे ओझे आपल्या वस्त्रात बांधून घेणे. पदरी पडणे, पदरमोड करणे, पदराखाली घेणे असे या शब्दाचे गोत मोठे आहे आणि त्यातच 'पदर पसरणे' हाही प्रयोग येतो. ज्या पदरात पाप घेतले, तोच पदर दयेसाठी पसरायचा. पापनिवेदन आणि प्रार्थना या धर्मशास्त्राने दोन पायऱ्या मानलेल्या क्रिया मराठी भाषेने एकाच वस्त्राच्या दोन हालचाली करून टाकल्या. भाषांतरकारांना हे अभिप्रेत होते की नव्हते, हा प्रश्न येथे गौण आहे. शब्द एकदा भाषेत उतरला की तो आपल्या गोतासह उतरतो.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा एक धागा कबुलीपासून पदराकडे जाणारा आहे, असे म्हणता येईल. पापनिवेदनाचे न्यायालयीन रूप क्रमाक्रमाने मागे पडत गेले आणि त्याला आळवणीचे रूप येत गेले. या प्रवासाचे टप्पे तपासले पाहिजेत. आणि ज्यांच्या संदर्भात तो अपुरा ठरला, त्यांचाही विचार केला पाहिजे.

३

कॅथलिक परंपरेत पापनिवेदन हा संस्कार आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूसमोर पापनिवेदन करावे, असा दंडक घातला. गोव्यात सोळाव्या शतकात हा संस्कार आला तेव्हा त्याच्याबरोबर भाषेचा प्रश्नही आला. लॅटिनमधील उपासना न समजताही चालते. पापनिवेदन मात्र सांगणाऱ्याच्याच भाषेत ऐकावे लागते. लोकभाषा शिकण्याची निकड मिशनऱ्यांना जितकी प्रवचनासाठी भासली, तितकीच या कानगोष्टीसाठीही भासली. कोकणीत आजही या संस्काराला 'कुमसार' म्हणतात, ते पोर्तुगीज शब्दाचेच रूपांतर. विधीचे नाव परके राहिले, पण त्यात बोलली जाणारी भाषा आपली होती.

१५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी या परिस्थितीत जे केले, त्याचे महत्त्व केवळ भाषिक नाही. १६१६ साली राचोलला छापलेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण हा त्या काळी नवख्रिस्ती समाजाला धर्म शिकवण्याचा रूढ मार्ग होता, आणि स्टीफन्स यांनी तसे पुस्तकही लिहिले. परंतु प्रश्नोत्तरात शिष्य फक्त उत्तर देतो. पुराणात श्रोता ऐकतो, शंका विचारतो, डोलतो, कथेत शिरतो. ओवीच्या मंगलाचरणात कवी आधी नमन करतो, मग आपल्या मतिमंदपणाची जाणीव देतो आणि मग कृपा मागतो. ही मराठी काव्याची जुनी रीत. ती ख्रिस्ती देवाला उद्देशून वापरताच नम्रतेचा वाङ्मयीन संकेत आत्मपरीक्षणाचा आरंभ ठरला.

प्रॉटेस्टंट परंपरा मराठीत आली ती अमेरिकन मराठी मिशनच्या रूपाने, १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला. धर्मगुरूच्या कानात पाप सांगण्याची प्रथा या पंथाने नाकारली होती. पाप फक्त देवापुढे. तथापि मंडळीत प्रवेश हवा असेल तर उमेदवाराने आपल्या हृदयपालटाचा अनुभव सर्वांसमक्ष सांगावा, ही कॉंग्रिगेशनल मंडळ्यांची जुनी रीत होती. प्रवेशानंतर कोणी चुकला तर त्याचा विचारही मंडळीपुढे होई. खासगी कुजबुज गेली आणि तिच्या जागी सार्वजनिक जबानी आली. अहमदनगरहून १८४२ पासून निघालेल्या 'ज्ञानोदया'च्या युगात मराठी ख्रिस्ती गद्याने अनुभवकथनाचे जे वळण घेतले, त्याच्या मुळाशी ही जबानी आहे.

बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' (१८८८) हे या वळणाचे ठळक उदाहरण. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान मोठे आहे. त्याचा निवेदक आपल्या शंका, आपले वाचन, घरातील आचार आणि मनाची चलबिचल क्रमवार मांडतो. पुराव्यामागून पुरावा ठेवणाऱ्या साक्षीदारासारखा. शीर्षकच सांगते की येथे पापापेक्षा अज्ञान हे मुख्य रूपक आहे : अंधार होता, उजाडले. 'अरुणोदया'ने मराठी गद्याला आत्मपरीक्षणाची शिस्त दिली, हे मान्य करावे लागते. त्यातील 'मी' मात्र वाचकाशी बोलतो. देवाशी बोलणारा 'मी' मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ठळकपणे यायचा होता.

४

तो 'मी' प्रथम ऐकू येतो तो एका वादात. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रकाशित झाला) वाचताना जाणवते की दोघींतील तंटा मताचा असला तरी त्याचे मूळ अधिकारात आहे. आपल्या विवेकाचा हिशेब कोणाला द्यायचा? एका पुरोहितवर्गाच्या जाचातून सुटलेली ही विदुषी दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे मान झुकवायला तयार नव्हती. पापाचे अस्तित्व तिला मान्य होते. कबुली वसूल करणाऱ्यांचा अधिकार मान्य नव्हता.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे घडले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी मुलींचा व स्त्रियांचा एक गट जमवला. पाहता पाहता तो शेकड्यांनी वाढला आणि जूनअखेरीस पुनरुज्जीवनाची लाट उसळली. रडणे, पापे मोठ्याने सांगणे, एकाच वेळी सर्वांनी आपापली प्रार्थना उच्चरवाने करणे असे तिचे स्वरूप होते. त्यावर टीका झाली : हा उन्माद आहे, शिस्त नाही. रमाबाईंनी तिचा प्रतिवाद केला. भारतीय ख्रिस्ती जनांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे देवाजवळ व्यक्त होण्याची मुभा असली पाहिजे, पाश्चात्त्य संयमाचे माप त्यांना लावू नये, असा त्यांचा आशय होता.

या सामूहिक उच्चरवाची रचना पाहण्याजोगी आहे. शेकडो जणी एकाच वेळी बोलत असताना प्रत्येकीचे पाप मोठ्याने उच्चारले जाते, पण कोणाचेच वेगळे ऐकू येत नाही. त्यात धर्मगुरूच्या कानाची गुप्तता नाही आणि मंडळीपुढील जबानीची उघड तपासणीही नाही. बोलण्याची पूर्ण मुभा आणि ऐकणाऱ्याच्या अधिकाराचा पूर्ण अभाव येथे एकत्र येतात. दुष्काळातून वाचलेल्या, टाकून दिलेल्या, वैधव्यात कोंडलेल्या या स्त्रियांना आयुष्यात कदाचित प्रथमच स्वतःविषयी मोठ्याने बोलता आले. त्यांच्या बाबतीत आत्मिक वाढ म्हणजे अपराधाकडून क्षमेकडे जाणे जितके होते, तितकेच मौनाकडून वाचेकडे जाणेही होते. पदर पसरण्याची ही सामुदायिक क्रिया होती. रमाबाईंनी पुढे बायबलचे भाषांतर सामान्य स्त्रियांना कळेल अशा साध्या मराठीत करण्यासाठी आयुष्याची उरलेली वर्षे दिली, त्यामागेही हीच वाचेची निकड असावी.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हीच गोष्ट काव्यात साधली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली आहे. न्यायाधीशापुढे कबुलीजबाब असतो. माउलीपुढे हट्ट असतो, रुसवा असतो, आणि चूक सांगतानाही कुशीत शिरण्याची घाई असते. संबोधित बदलला की निवेदनाची जातच बदलते. संतकाव्यातील अनुतापाची परिभाषा, विशेषतः एकनाथांची आणि रामदासांच्या करुणाष्टकांची, टिळकांच्या हाती तयार होती. बीडच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या दोन्ही तीरांवर, पैठणपासून जांबेपर्यंत, ही परिभाषा घडली होती. टिळकांनी ती उसनी घेतली, असे म्हणण्यापेक्षा ती त्यांनी सोबत आणली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात स्थान दिले. बेदरचा दरबार वसूल मागत होता. ज्या दरबारात नोंदवहीपेक्षा नाते मोठे आहे, तेथे कबुलीचा अर्थही बदलणे अपरिहार्य होते.

५

येथवरचा इतिहास सुखान्त वाटावा असा आहे. तथापि पाप कोणाचे, हा प्रश्न विचारताच तो अस्वस्थ करू लागतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त (१९३४–३६) हा प्रश्न अत्यंत सहजपणे येतो. लक्ष्मीबाईंचे मनपरिवर्तन पापाच्या ओझ्याखाली कोसळून होत नाही. सोवळेओवळे, विटाळ, जातीचा अभिमान यांची एकेक गाठ सुटत जाते आणि ती कशी सुटली, हे त्या स्वतःला हसत सांगतात. उच्चवर्णीय धर्मांतरिताने नेमके काय पदरी घ्यायचे, याचे इतके नेमके उत्तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयात क्वचितच सापडेल. येथे पाप म्हणजे अस्पृश्यता पाळणे. विनोदाच्या आवरणाखालचे हे मराठीतील एक खरेखुरे पापनिवेदन आहे.

परंतु अहमदनगर, जालना, बीड या पट्ट्यातील बहुसंख्य ख्रिस्ती समाज आला तो महार-मांग वस्त्यांतून. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी त्याच राज्यात जालन्याजवळ वसवलेले बेथेल हे मराठवाड्यातील आरंभीच्या ख्रिस्ती वसाहतींपैकी एक. १८९९–१९०० च्या दुष्काळाने बीडसह सारा प्रदेश होरपळला आणि लोकसंख्या घटली. या पट्ट्यात वेशीबाहेरच्या माणसाला शतकानुशतके सांगण्यात आले होते की त्याचा जन्म हेच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ. पापनिवेदनाची गोष्ट घेऊन आलेला नवा धर्मही त्याला प्रथम 'तू पापी आहेस' असेच म्हणाला. अर्थात ख्रिस्ती धर्मशास्त्राने सर्वांना समान पापी ठरवले, आणि त्या समतेत मुक्तीचा अंश होता : पाटील आणि महार एकाच बाकावर बसून एकच वाक्य म्हणतात, ही सामान्य घटना नव्हे. ॲंग्लिकन उपासनेतील पापनिवेदन तर 'आम्ही' अशा बहुवचनातच आहे. पण ज्याने विहीर बंद केली आणि ज्याची घागर रिकामी राहिली, त्या दोघांनी एकाच 'आम्ही'त एकच पाप पदरी घ्यावे, यात समतेबरोबर अन्यायाचे विस्मरणही आहे.

ॲबट यांनी भाषांतरित केलेल्या 'भिक्षुगीते'तही हीच अडचण वेगळ्या रूपात आहे. तेथील कंजूष ब्राह्मण सर्वस्व गमावल्यावर अनुतापाने विरक्त होतो, आणि लोकांनी केलेला छळ सोसताना ठरवतो की आपल्या दुःखाला माणसे, देव, ग्रह यांपैकी कोणीही कारण नाही. कारण आहे ते आपले मन. ज्याने धन साठवले होते, त्याच्या तोंडी हा बोध उदात्त आहे. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नव्हतेच, त्याच्या तोंडी तो घातला तर ती दुसरी शिक्षा होते. अनुतापाच्या परंपरेला गाऱ्हाण्याची जोड मिळाल्याशिवाय ती सर्वांची होऊ शकत नाही. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी मोठा भाग विलापाचा, तक्रारीचा आहे, याची आठवण येथे ठेवावी लागते.

ही जोड देण्याचा प्रयत्न मराठी ख्रिस्ती समाजातून आलेल्या अरविंद निर्मल यांनी केला. १९८०च्या दशकात दलित धर्मशास्त्राची मांडणी करताना त्यांनी अनुवाद या पुस्तकातील एका जुन्या श्रद्धानिवेदनाचा आधार घेतला. शेताचे प्रथमफळ घेऊन आलेला इस्राएली माणूस तेथे आपल्या भटक्या पूर्वजापासून सुरुवात करतो, मिसरमधील दास्य सांगतो, आपण देवाला आरोळी मारली ते सांगतो आणि मग देवाने केलेली सुटका सांगतो. येथे निवेदन आहे, पण ते पापाचे नाही. सोसलेल्या जाचाचे आणि त्यातून निघालेल्या प्रार्थनेचे आहे. ज्या मराठी साहित्यात दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि मराठवाड्याच्याच प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) आले, त्याच काळातील हे धर्मशास्त्र आहे. दलित आत्मकथनांनी अपराधी 'मी'च्या जागी साक्षीदार 'मी' उभा केला. निर्मल यांनी तोच 'मी' उपासनेत आणला.

कॅथलिक बाजूलाही काही प्रमाणात हेच वळण दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली आणि १९७३ च्या नव्या विधीने पापनिवेदनाच्या संस्कारात समेटावर भर दिला. समेटाला दोन पक्ष लागतात. त्यात दुखावलेल्याचेही ऐकून घ्यावे लागते.

या साऱ्याला एक कठोर ऐहिक बाजू आहे, आणि ती टाळून आत्मिक वाढीची चर्चा पुरी होत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो खुला झाला. ख्रिस्ती दलित त्याच्या बाहेरच राहिले. परिणामी देवळात 'मी ख्रिस्ती आहे' असे म्हणणारा माणूस सरकारी अर्जाच्या रकान्यापुढे थबकतो. श्रद्धेची कबुली दिली तर सवलत जाते. दडवली तर सदसद्विवेक टोचतो. ज्या शब्दाने गावाच्या दप्तरातून उपासनेत प्रवेश केला होता, तो पुन्हा दप्तरात जाऊन बसला. अर्जापुढील त्याचे मौन हे पाप मानावे काय, की तेही सोसलेल्या जाचातच जमा करावे, याचा निर्णय बाहेरच्या कोणी द्यावा, असा अधिकार कोणालाच नाही.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ख्रिस्ती वाङ्मयाकडे बहुधा छापखान्याचा, गद्याचा किंवा धर्मप्रसाराचा अध्याय म्हणून पाहिले. त्याला 'मी'च्या घडणीचा अध्याय म्हणून वाचले, तर 'अरुणोदया'तील जबानी, केडगावचा कल्लोळ, टिळकांची माउली, लक्ष्मीबाईंचे हसू आणि निर्मल यांचे श्रद्धानिवेदन ही एकाच शोधाची पावले ठरतात. देवापुढे माणसाने काय बोलावे, हा तो शोध. पाप पदरी घेणाऱ्याला ते घेऊ द्यावे. पण जो नुसताच पदर पसरून उभा आहे, त्याच्या पदरात इतरांचे पाप टाकू नये, एवढा विवेक या परंपरेने स्वतःच्याच अनुभवातून मिळवला आहे. आंबेजोगाईच्या आख्यानातील ओलीस ठेवलेला मुलगा निरपराध होता, आणि तरीही त्याची प्रार्थना ऐकली गेली. ॲबट यांनी ती कथा आपल्या वाचकांसाठी निवडली, तेव्हा तिचा हा अर्थ त्यांच्या स्वतःच्या मंडळ्यांना अधिक लागू होता.